नळ्यांवरच्या खाचा

नळ्यांचा स्टँड खाली पडला तेव्हा प्रसेनजित ओव्हाळचा हात अजून हवेतच होता. जिथं स्टँड असायला हवा तिथं तो नव्हता, वीतभर अलीकडं होता. मनगटाचा धक्का लागला आणि आठच्या आठ नळ्या सिमेंटवर टणाटणा उडाल्या. टोपणं निघाली, आणि आतली करवतीची पाती, केसांसारखी बारीक, शे-सव्वाशे तरी, शेडभर पसरली.

"प्रेमे!" तो ओरडला. "ह्या स्टँडाला हात कुणी लावला?"

प्रेमाबाई ओल्या हातानं शेडच्या दारात आली. "म्या लावला. झाडून घेतलं सकाळी. आज तेरचे पाव्हणे यायचेत आन हितं ह्या जाळ्या लोंबत हुत्या. स्टँड उचलला, पुसला, तिथंच ठिवला."

"तिथंच न्हाय ठिवला."

"मंग आसंल वीतभर हिकडंतिकडं! त्यानं काय आभाळ कोसळतंय का? लेकीची तारीख धरायची हाय आज, आन तुमी बसा सुया येचत."

ती गेली. प्रसेनजित गुडघे टेकून खाली बसला. बायकोवर रागवावं तरी कोणत्या तोंडानं? वीतभरानं आभाळ कोसळतं हे तिला कळायचं तर आधी तिला खरं सांगायला हवं होतं, आणि ते त्यानं दोन वर्षांत सांगितलं नव्हतं.

कळंबच्या एसटी आगारात त्यानं अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या सुतारकामात काढली. तिथनं पाठदुखीचं निमित्त सांगून मुदतीच्या आधी घरी आला आणि अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडात जाळीकामाचं मशीन मांडून बसला. छोटंसं मशीन. वरच्या आणि खालच्या दांडीच्या मध्ये ताणून बसवलेलं एक बारीक पातं खालीवर होतं, आणि आपण फळी फिरवायची. घरांच्या पाट्या, शाळांची सन्मानचिन्हं, देव्हाऱ्याच्या जाळ्या, सगळं तो करी. पण वस्तीत त्याचं नाव झालं ते पिंपळपानामुळं. वस्तीतलं कुठलंही लग्न असो, मंचावर मागं सागवानी पिंपळपान लागायचं, त्यात नवरानवरीची नावं, भोवतीचं लाकूड आरपार कापून उभी ठेवलेली, आणि ते प्रसेनजितच्याच हातचं असायचं. अशी साठ-सत्तर पानं त्यानं लोकांच्या लेकरांना दिली होती. आता स्वतःच्या लेकीचं करायचं होतं. तेरच्या माणसांसमोर आज ते ठेवायचं असं त्यानं महिन्याभरापासून मनात धरलं होतं, आणि सगळी नक्षी झाल्यावर फक्त नावं कापायची राहिली होती.

नावाला एक नंबरचं पातं लागतं. सगळ्यांत बारीक. आणि ते आता आठ नंबरांच्या ढिगात कुठंतरी होतं.

जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि जमिनीवरून फिरवायला सुरुवात केली. पाती चिकटली की पिशवी उलटी करायची, सगळी एका जागी पडतात. हे सोपं होतं. पुढचं अवघड होतं. एकेक पातं चिमटीत धरून अंगठ्याच्या नखावरून ओढायचं, दाते किती जवळजवळ आहेत ते नखाला विचारायचं, आणि त्या त्या नळीत टाकायचं. शिवाय दाते खालच्या दिशेनं हवेत. उलटं पातं बसलं तर फळी मशीनवर उड्या मारायला लागते. म्हणून तो नळीत घालतानाच प्रत्येक पातं दाते खाली करून घालायचा, की काढलं की थेट मशीनला. नळ्यांवर कानशीनं खाचा पाडलेल्या होत्या. एक नंबरला एक खाच, दोनला दोन, अशा आठपर्यंत.

कुणी विचारलं तर तो म्हणायचा, शेडात उजेड कमी आहे. उजेड कमी होता हे खरंच, पण तो शेडातला नव्हता.

दोन वर्षांमागं लातूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तो एकटाच जाऊन आला होता. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. डॉक्टर तरुण होता आणि बोलायला बरा होता. म्हणाला, काका, डोळ्याचा पडदा कडेनं वाळत चाललाय. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं जातं, मग नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं उरतं, आणि पुढं तेही कमी होत जातं. ह्याला औषध नाही. तुमच्या वडिलांना होतं का? प्रसेनजितला आपला बाप आठवला. ज्ञानोबा उन्हाळ्यात बाजेवर बसून हातानं जमीन चाचपडत तांब्या शोधायचा आणि घरातली पोरं हसायची. त्यानं मान डोलावली. डॉक्टर म्हणाला, हे घराण्यातून येतं. मुलंबाळं किती? त्यांना घेऊन या, तपासू.

"न्हाय साहेब," प्रसेनजित म्हणाला. "मूलबाळ न्हाय आमाला."

असं तो का बोलला हे त्याला बाहेर रसवंतीपाशी उभं राहिल्यावर कळलं. लेक एकवीस वर्षांची होती. स्थळं यायला लागली होती. तपासायचंच नाही म्हणजे सापडायचंच नाही, एवढं साधं गणित त्या भित्र्या माणसानं केलं होतं. तेव्हापासून तो रोज तिच्याकडे चोरून बघायचा, ठेचकाळते का, चाचपडते का, आणि तसं काही दिसलं नाही की बरं वाटायचं. आता ह्या माणसाला आधीच नळीएवढं दिसतं. त्याला काय दिसणार होतं?

दोन वाजता दीक्षा आली. ती बाजारातल्या एका मेडिकलात कामाला होती. दुपारी जेवायला यायची, आज मात्र उरलेल्या दिवसाची सुट्टी घेऊन आली होती. शेडच्या दारात उभी राहून तिनं ढीग पाहिला.

"काय झालं, पप्पा?"

"तुझ्या आईनं आवराआवर केली."

"सरका," ती म्हणाली आणि ओढणी खोचून त्याच्या शेजारी खाली बसली.

"तुला न्हाय जमायचं. बारीक काम हाय. तू जा, साडीबिडीचं बघ. चारला येतेल ते."

"जमतंय का न्हाई बघा तरी."

तिनं एक पातं उचललं, नखावरून ओढलं, आणि नळी चाचपून आत टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. प्रसेनजितनं तिनं टाकलेलं एक पातं काढून पाहिलं. बरोबर होतं, दाते खाली. त्याला आनंदच झाला. अठ्ठावीस वर्षांच्या हाताला जे सकाळपासून जमलं नव्हतं ते ही पोरगी सपासप करत होती. ढीग कमी होत गेला. तो थांबून नुसता तिचे हात बघत बसला. त्याच्या डोळ्यांत मावतं तेवढं एवढंच होतं, दोन हात आणि थोडी मांडी.

"कुठं शिकलीस ग?"

"रोज गोळ्यांची पाकिटं हाताळते की. बोटाला कळतं."

बोलताना तिनं चार खाचांची नळी डाव्या गुडघ्याजवळ ठेवली आणि उजवीकडचं पातं घेतलं. परत नळी घ्यायला हात नेला तेव्हा तो नळीवर गेला नाही. तो जमिनीवर टेकला, मग पुढं सरकला, मग मागं. तळवा उपडा, बोटं जरा पसरलेली. हळूच थोपटल्यासारखा.

हा हात प्रसेनजितनं बाजेवरच्या बापाचा पाहिला होता.

नसंल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बोलता बोलता चुकतो हात. त्यानं शेजारचा पाण्याचा पेला उचलला आणि तिच्या डाव्या बाजूनं, कानाच्या रेषेत, हातभर अंतरावर धरला. तिनं पातं नखावरून ओढलं. नळीत टाकलं. दुसरं घेतलं. त्यानं पेला थोडा पुढं आणला. स्टीलचा चकचकीत पेला, दारातनं येणारं दुपारचं ऊन त्यावर पडलेलं. ती पाती लावत राहिली. पेला कलला, पाणी सिमेंटवर सांडलं, तेव्हा कुठं ती आवाजानं वळली.

"काय सांडलं?"

त्यानं पेला खाली ठेवला. त्याला दीक्षाची स्कूटी आठवली. तीन महिने ती शेडामागं उभी होती, आणि ही म्हणायची चालल्यानं तब्येत बरी राहते. त्यावर तो स्वतः शाबास म्हणाला होता.

"कवापासनं?" त्यानं विचारलं.

काय कवापासनं, असं ती म्हणाली असती तर त्याला जगायला थोडी जागा मिळाली असती. ती तसं म्हणाली नाही. हातातलं पातं तिनं आधी नीट नळीत घातलं.

"रात्रीचं लई आधीपासनं. बाजूचं आत्ता वर्षभर."

"आन तुला म्हाईत हाय हे काय हाय ते?"

"तुमची फाईल वाचली म्या. दीड वर्ष झालं. पॉलिश पेपर शोधत हुते, रंध्याच्या पेटीत सापडली." ती जरा थांबली. "आधी वाटलं दुसऱ्या कुणाची हाय. वर लिहिलं हुतं, अपत्य नाही."

प्रसेनजितला मान वर करता आली नाही. शेडात पत्रा तापून कडकडत होता.

"तुला वाचवाया बोललो ग तसं. तुझ्या लग्नाच्या आड यायला नको म्हणून."

"ठाऊक हाय मला. राग न्हाई आला, पप्पा. रडू लई आलं. मग एका गुरुवारी म्या बी गेले लातूरला, त्याच डॉक्टरकडं. त्यांनी इचारलं, घरात कुणाला हाय का. म्या सांगितलं, वडलांना हाय. तुमचं नाव सांगितलं."

"आन मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही हितं जुन्या डब्यांवर चोरून खाचा पाडीत बसायचात. वाटायचं कुणाला कळत न्हाई, तेवढंच समाधान हाय तुम्हाला, ते कशाला काढून घ्या? मग ह्या नळ्या आणल्या. पाण्यात इरघळायच्या गोळ्यांच्या असतात ना, त्या. सगळ्या एका लांबीच्या, टोपण घट्ट बसणाऱ्या. बघून बघून जमवल्या म्या."

त्याला वाटलं होतं ह्या नळ्या आपणच मागून घेतल्या. वर्षभर वाटत होतं.

स्वयंपाकघरातून बेसनाचा वास येत होता. मग त्याच्या डोक्यात आलं ते तेरचं स्थळ. मुलगा बुद्धघोष, शाळेत शिक्षक, शांत स्वभावाचा. दोनदा येऊन गेला होता, आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा शेडात येऊन मशीन कसं चालतं ते विचारत होता. असा जावई नशिबानंच मिळतो.

"हे बघ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एवढं लगीन होऊ दे. नंतर बघू काय ते. तू काय बोलू नको, म्या बी बोलत न्हाय."

"त्यांना सांगितलंय म्या. बुधवारी. फोनवर."

"काय?"

"सगळं."

"कुणाला इचारून?" तो ओरडला आणि मग आवाज दाबला, कारण आत प्रेमाबाई होती. "दोन वरसं म्या तोंड शिवून बसलो. डॉक्टरापुढं माझी लेक न्हाय म्हणलो. माझ्या तोंडानं म्हणलो! ते कशासाठी? तू एका फोनात समदं मातीत घालायला?"

"मग काय करायचं हुतं? लग्न झाल्यावर त्यांनी मला चाचपडताना बघायचं? आन पोरं झाल्यावर तुमच्यासारखं त्यांच्याकडं चोरून बघत बसायचं?"

हे ती मोठ्यानं बोलली नाही. म्हणून जास्त लागलं. आपण चोरून बघतो हेही हिला माहीत होतं.

"बोलला काय तो?"

"म्हणाले, घरी बोलतो."

"मग?"

"मग फोन न्हाई. बुधवारपासनं."

"म्हंजे आज ते येणार का न्हाईत?"

"म्हाईत न्हाई, पप्पा." पहिल्यांदाच तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "येतेल बी. न्हाईतर कळवलं असतं ना त्यांनी?"

त्याच्या रागाचं तिथंच पाणी झालं. पोरगी सुट्टी घेऊन आली होती. तिला आशा होती. चार वाजेपर्यंत तरी तिला आशा धरायचा हक्क होता, आणि बापानं त्यात तिची सोबत करायला हवी होती.

"उठ," तो म्हणाला. "एक नंबरचं दे. नाव कापू."

पिंपळपान त्यानं मशीनवर घेतलं. अक्षरांच्या मधल्या जागांत आधीच भोकं पाडून ठेवली होती. पातं भोकातनं ओवायचं, वर आवळायचं, खाली आवळायचं, टिचकी मारून ताण ऐकायचा. तिनं टिचकी मारली. "जरा आन आवळा," ती म्हणाली, आणि ते बरोबर होतं. मशीन सुरू झालं. मराठी नाव कापायला इंग्रजीपेक्षा बरं, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. वर शिरोरेषा असते, सगळी अक्षरं तिला धरून राहतात, एकही निखळून पडत नाही. पण क्ष अवघड. आतल्या वळणावर फळी हातात फिरवावी लागते, घाई केली की पातं तुटतं. त्यानं घाई केली नाही. दिसत होतं तेवढ्या गोल तुकड्यातून तो रेघ बघत गेला, आणि रेघ सुटली की दीक्षा बोटानं फळी टेकवून सांगायची, थोडं माझ्याकडं. एकही पातं न तुटता नाव निघालं. तिनं भुसा फुंकला आणि नावावरून बोट फिरवलं.

"झकास," ती म्हणाली.

बुद्धघोषच्या नावाला पातं बदलत असताना प्रसेनजितचा फोन वाजला. साडेचार झाले होते. मुलाचे मामा, दगडोबा.

"जय भीम, पाव्हणं," मामा म्हणाले. आवाज गोड होता. "निघायचंच हुतं बघा. पर गावात मयत झाली एक. नात्यातली न्हाय, पर जावं लागतंय."

"व्हय. जायाच पाहिजे," प्रसेनजित म्हणाला. "मंग कवा येताव?"

"कळवतो की. आता पोराच्या परीक्षेचं काम बी लागलंय. पुढच्या म्हैन्यात बघू, न्हाईतर दिवाळीनंतर."

"पोराला देता का फोन जरा?"

पलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं. मग मामा म्हणाले, "तो भाईर गेलाय. तब्येतीला जपा तुमी. डोळ्याला जपा." आणि फोन ठेवला.

डोळ्याला जपा, हे ते मनापासून म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याही घरात लेकीबाळी असतील, त्यांनी आपल्या भाच्यासाठी तेच केलं जे प्रसेनजितनं आपल्या लेकीसाठी केलं होतं. हे कळत होतं म्हणूनच त्याला शिवी देता येईना.

फोनमधला आवाज शेडात सगळीकडे ऐकू येत होता. एक नंबरची उरलेली पाती दीक्षानं मोजल्यासारखी नळीत घातली आणि टोपण दाबलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"निघाले का हो ते?" आतून प्रेमाबाईची हाक आली. "तेल ठिवू का भज्याला?"

"म्या सांगते आईला," दीक्षा म्हणाली.

"न्हाय. म्या सांगतो."

तो उठला. तीही उठली. शेडातून बाहेर अंगणात पाऊल टाकलं तर ऊन एकदम डोळ्यांवर आलं. रोजचं अंगण त्याला पाठ होतं, चौदा पावलं आणि दोन पायऱ्या. पण आज प्रेमाबाईनं दुपारी शेजारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या होत्या आणि पाव्हण्यांसाठी अंगणभर गोल मांडून ठेवल्या होत्या. चौथ्या पावलाला त्याची मांडी खुर्चीला लागली. खुर्ची कलंडली. तिला सावरायला वळला तर मागच्या खुर्चीत गुंतला. "थांबा, पप्पा," म्हणत दीक्षा पुढं आली आणि तिचा गुडघा तिसऱ्या खुर्चीवर आदळला.

दोघं थांबली. मग त्यानं हात पुढं केला, तळवा उपडा, आणि तिनंही. दिवसाढवळ्या, उन्हात, दोघंही हवा चाचपत एकेक पाऊल टाकत पायऱ्यांकडं यायला लागली.

प्रेमाबाई दारात उभी होती. तिच्या हातात झारा होता. प्रसेनजितला समोरचं दिसायचं, त्यामुळं तिचा चेहरा त्याला नीट दिसला. आधी ती हसणार होती, बापलेक काय आंधळी कोशिंबीर खेळताय म्हणून. ओठ तसे हललेही. मग तिची नजर नवऱ्यावरून लेकीवर गेली, लेकीवरून पुन्हा नवऱ्यावर, आणि ती हसली नाही.

"प्रेमे," तो म्हणाला, "ऐक जरा."

तिनं झारा उंबऱ्यावर ठेवला. दोन पायऱ्या उतरून खाली आली आणि एकेक खुर्ची उचलून भिंतीकडं नेऊ लागली. सगळ्या खुर्च्या जाईपर्यंत ती दोघं होती तिथंच उभी राहिली.